सोनूस, कलकत्त्याला जाण्याआधी

वळसंग, ता. दक्षिण सोलापूर



फोनवर बोलले असते, पण फोनवर तू नुसती ‘हो आत्या, हो आत्या’ करतेस आणि मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहायला बसले. सगळं वाचायचं, मधलं सोडायचं नाही.

धाकटीकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस, तिनं चहाडी केली नाही, रडत सांगितलं. हैदराबादला निघालीस तेव्हा मी बांधून दिलेला डबा तू पुण्याच्या विमानतळाबाहेर रिक्षावाल्याला देऊन टाकलास. ऑफिसची मंडळी चाकांच्या बॅगा घेऊन पुढे उभी होती आणि तुझ्या हातात फडक्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता, म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात इडलीबरोबरची पांढरी चटणी खोबऱ्याची समजून खाल्लीस. ती शेंगदाण्याची निघाली. ओठ सुजले, घसा आवळला, दवाखान्यात रात्र काढावी लागली. आणि आम्हाला काय कळवलंस? ‘जरा पोट बिघडलं होतं.’

डबा त्या माणसाच्या घरी खाल्ला गेला असेल तर मला त्याचं काहीच वाईट वाटत नाही. अन्न पोटात गेलं. पण तुझ्या पोटात काय गेलं, ते आठवलं की हातपाय गार पडतात.

अगं, तिकडे इडली-डोशाला शेंगदाण्याचीच चटणी असते. सोलापूरच्या पूर्व भागात, पद्मशाली विणकरांच्या घरी, तुझ्या मैत्रिणींच्या आया ती चटणी वाटताना तू लहानपणापासून बघितलीस. तुला ठाऊक नव्हतं असं मी मानणार नाही. भुकेजलेली होतीस, चारचौघांत ‘यात काय घातलंय?’ असं विचारायला जीभ रेटली नाही, एवढंच झालं. डबा द्यायला लावला तो लाजेनं, आणि तोंड मिटून ठेवलं तेही लाजेनंच.

चार वर्षांची होतीस त्या संक्रांतीची गोष्ट तुला आम्ही सगळ्यांनी सांगून सांगून गुळगुळीत केली आहे, तरी पुन्हा ऐक. अव्वानं शेंगापोळ्या केल्या होत्या. तू अर्धा घास चघळलास आणि बाहेर थुंकलास. अव्वा म्हणाली, नखरे आहेत पोरीचे, आणि दुसरा घास भरवला. बघता बघता डोळ्यांच्या पापण्या सुजून डोळे दिसेनासे झाले, अंगभर गांधी उठल्या. दादानं तुला उचललं आणि मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठलं. त्या रस्त्यावर तुझा श्वास जसा वाजत होता, तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. त्या दिवसानंतर अव्वानं तुझ्यादेखत कधी शेंग फोडली नाही. आपल्या घरात, जिथं शेंगाचटणीशिवाय ताट वाढलं जात नाही, तिथं!

म्हणून सांगते, तुझं ‘थोडंसं चालतं’ हे मला सांगू नकोस. चालत नाही.

आता कलकत्त्याचं. सहा दिवसांचं प्रशिक्षण, ऑफिसच्या खर्चानं हॉटेल, पण जेवणाचे पैसे तुझे तुला, असं वहिनी म्हणाली. मग हॉटेलात रोज तीनदा जेवलीस तर पगार तिथंच जिरेल, आणि वर जिवाला घोर. तिकडे रस्त्यावर झालमुरी मिळते, आपल्या भेळेसारखी, त्यात शेंगदाणे असतातच. मैत्रिणी म्हणतील, दाणे वेचून देतो. वेचून काही होत नाही, हात तोच, भांडं तेच. पंजाबी भाजीच्या दाट रश्श्यात काजू महाग पडतात म्हणून शेंगदाणे वाटून घालणारी हॉटेलं आपण सोलापुरातच पाहिलीत. आणि उपवासाचं म्हणून साबुदाण्याची खिचडी सुरक्षित समजू नकोस, तुझ्यासाठी तिच्याइतकं वाईट काही नाही.

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी कुठल्या पदार्थात अॅलर्जीचं काय आहे ते ग्राहकाला दाखवायचं, असा नियम 1 जुलै 2022 पासून आहे. पाकिटावरही शेंगदाणे, दूध, गहू यातलं काय आहे ते छापावं लागतं. तेव्हा पाकीट उलटं करून वाचायला आणि वेटरला विचारायला तुला हक्क आहे. पण मी सांगू? आचारी बदलतो, कढई बदलत नाही. विचार, जरूर विचार, आणि तरीही आपलं आपल्याजवळ ठेव.

तर मी काय करणार ते ऐक. तुझ्या भाकऱ्यांसाठी मालदांडी ज्वारी वेगळी काढून ठेवली आहे. कडक भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, भाकरी पापडाएवढी पातळ थापायची, तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिचं पाणी पार आटवायचं. कडा वाजायला लागल्या की झाली. अशी भाकरी डब्यात कोरडी राहिली तर महिनाभर काही होत नाही, सहा दिवस म्हणजे काहीच नाही. वाटेत मोडली तर मोडू दे, तुकडे गरम पाण्यात किंवा दुधात कुस्करून खा, दही मिळालं तर फारच छान.

चटणी तिळाची आणि जवसाची करते. तीळ आणि जवस तुला चालतात हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे, म्हणून. आणि ऐक, घरच्या उखळात नाही कुटणार. त्या उखळात अव्वाच्या सासूपासून शेंगाचटणी कुटली जाते. दाणे, लसूण, तिखट, जिरं घालून मुसळाला तेल सुटेपर्यंत कुटतात ना, ते तेल दगडाच्या डोळ्याडोळ्यांत मुरलेलं आहे, कितीही घासलं तरी तो वास जात नाही. मिक्सरच्या भांड्याच्या रबरी कड्याखालीसुद्धा पूड अडकते, मी चमच्याच्या दांड्यानं काढून बघितली. म्हणून तुझ्यापुरता एक नवा खलबत्ता आणला. तो कुणालाही द्यायचा नाही असं वहिनीला बजावून ठेवलं आहे.

चिवडा पातळ पोह्यांचा, डाळं आणि कढीपत्ता घालून, करडईच्या तेलात. लाकडी घाण्याचं शेंगतेल घरात आहे, पण त्यात दाण्याचा अंश राहतो, त्याला हात लावणार नाही. राजगिऱ्याचे लाडू गुळात बांधते. दुकानातले आणू नकोस, तिथं त्याच परातीत चिक्की होते. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, रवाळ दळून, जिरं-मीठ घालून पुड्या करते. खोलीत पाणी उकळायची किटली असते ना, तिच्यात फक्त पाणी उकळायचं, आणि पुडी आपल्या स्टीलच्या डब्यात घालून वर ते पाणी ओतून झाकण लावायचं. पंधरा मिनिटांनी खिचडी. चमचा आपला ने. हॉटेलच्या चमच्यानं आधी काय ढवळलं असेल ते तुला कसं कळणार?

विमानाचं दादाकडून विचारून घेतलं. हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा असते. तिखटाची पूड, लोणचं, तूप यांना हातातल्या बॅगेत अडवतात, म्हणून चटण्या खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेत ठेवायच्या. खोबऱ्याची वाटी मात्र कुठल्याच बॅगेत नको, तिच्यातल्या तेलानं पेट घेईल म्हणून ती धोक्याच्या मालात धरतात. पण एक दिवसाच्या भाकऱ्या आणि लाडू हातातल्या बॅगेतच. मोठी बॅग चुकून दुसऱ्या गावाला गेली तर तू उपाशी राहायला नकोस. उपाशी राहिलीस की पुन्हा तेच होईल, ज्याची मला भीती आहे.

आणि डबा फोडणीच्या डब्यासारखा जुना नाही देत, घाबरू नकोस. सोलापुरातून घट्ट झाकणाचे चांगले डबे आणले आहेत. कलकत्त्याची हवा दमट, पोहे लगेच नरम पडतील.

औषध हातातल्या बॅगेत, हे मी शंभरदा म्हणेन. परदेशात अॅलर्जीवरचं हे इंजेक्शन पेनासारखं तयार मिळतं म्हणे. आपल्याकडे तसं पेन सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी तुला कुपी आणि सुई दिली आहे. सुरक्षेच्या रांगेत सुई बघून विचारतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी त्याच पिशवीत ठेव. अॅलर्जीची गोळी खाज कमी करते, आवळलेला घसा ती मोकळा करत नाही. घसा आवळला, श्वास वाजू लागला, की आधी मांडीत इंजेक्शन, मग 112 ला फोन, मग बाकी सगळं. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यातून लगेच उठून यायचं नाही, काही तासांनी पुन्हा उलटू शकतं. तुझ्या खोलीत जी दुसरी मुलगी असेल तिला पहिल्याच रात्री हे सगळं दाखवून ठेव. तुला लाज वाटेल. वाटू दे, पण दाखव. विमानात बसलीस की समोरचं छोटं टेबल ओल्या रुमालानं पुसून घे, आधीच्या माणसानं त्यावर काय सांडलं असेल कोण जाणे. आणि विमानातल्या ताईला सांग की मला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. एक वाक्य आहे गं.

आता एक सांगते, जे तुझ्या वडिलांनाही ठाऊक नाही. मी पुण्याला डी.एड.ला गेले तेव्हा अव्वानं ट्रंकेत कडक भाकऱ्यांची चवड भरून दिली होती. वसतिगृहातल्या मुली पुण्याच्या, साताऱ्याच्या. त्यांच्या डब्यात मऊ घडीच्या पोळ्या. पहिल्या दिवशी मी भाकरी मोडली आणि तिचा ‘कट्‌’ असा आवाज झाला, दोघी हसल्या. वाईट हेतूनं नाही, त्यांना गंमत वाटली. पण मी ट्रंक बंद केली ती पुन्हा त्यासाठी उघडली नाही. मेसचे पैसे पुरत नव्हते, रात्री पाणी पिऊन झोपायची. सुट्टीत घरी गेले की अव्वा विचारायची, पुरल्या का गं भाकऱ्या? मी म्हणायची, पुरल्या की, सगळ्यांना आवडल्या. आणि ती पुढच्या खेपेला आणखी जास्त थापायची. चुलीपुढं तिच्या कपाळावरून घाम गळायचा, पदरानं पुसायची आणि पुन्हा थापायची. तिला मी खरं कधीच सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही.

त्यामुळं तू तो डबा देऊन टाकलास हे ऐकून मला राग आला, खरं आहे, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर राग उरला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिला असता. मला तर कुठल्या चटणीनं जिवाला धोका नव्हता, तरी मी ती ट्रंक उघडली नाही. तुला तर धोका आहे, आणि ऑफिसातल्या सगळ्यांपुढं ते सांगायचंही आहे. ओझं माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त आहे, हे मला कळतं, बाळ.

आणि जग बदललं आहे थोडं. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून 2025 पासून गोव्याला विमान जातं, नंतर मुंबईचंही सुरू झालं. परवा शेजारच्या काकू लेकीकडे मुंबईला गेल्या, भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन. कुणी काही म्हटलं नाही, उलट शेजारच्या माणसानं एक मागून घेतली. तुमच्या कलकत्त्याच्या विमानतळावर डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं स्वस्ताचं कॅफे काढलं, दहा रुपयांना चहा. तिथं चहा घे आणि आपली भाकरी काढ. समोसा वीस रुपयांना मिळतो म्हणून घेऊ नकोस, तो कशात तळला ते तुला सांगता येणार नाही.

तुझ्याबरोबरची मंडळी वाईट नसतील. तू बोललीस तर त्यांतलीच एखादी पुढच्या वेळी वेटरला तुझ्याआधी विचारेल. पण तू गप्प राहिलीस तर त्यांना कळणार कसं?

गुरुवारी पुण्याला जाणाऱ्या एसटीत दादाच्या ओळखीच्या माणसाबरोबर पिशवी पाठवते. स्वारगेटला धाकटी घेईल. फडकं नाही बांधत या वेळी, तू नेतेस तसली काळी पाठीवरची बॅग आणली आहे, आत काय आहे कुणाला कळणारही नाही. लाडू जरा जास्त केलेत, चारचौघांत वाटायला. तुला आवडतात तसे, वेलदोडा घालून.

आणि सोनू, हे सगळं वाचूनही तुला डबा न्यायचा नसेल तर ने म्हणून मी जबरदस्ती करणार नाही. फक्त मला ‘पुरल्या की’ असं सांगू नकोस. नको असेल तर नको म्हण. मी रागावणार नाही, रडणारही नाही. त्या हॉटेलजवळ कुणाच्या घरी सांगून सोय करता येते का बघेन, नाहीतर मीच येईन तुझ्याबरोबर कलकत्त्याला. सुट्टीच सुट्टी आहे मला, आणि विमानात बसायचं राहूनच गेलंय. पोचलीस की फोन कर, रात्री कितीही वाजू देत, मी जागीच असेन. आणि जेवलीस का ते खरं सांग.

तुझी,
आत्या