बे विंडोचं कापड शेवटी

बे विंडो असलेलं घर घेतलं असेल तर पडद्याचं कापड बघायला लगेच बाहेर पडू नका. दुकानांचा क्रम ठरलेला असतो. आधी नमुन्यांची जाडजूड वही मांडीवर ठेवतात, रंग पक्का झाला की आगाऊ रक्कम घेतात, आणि त्यानंतर टेप घेऊन माणूस घरी येतो. सरळ खिडकीला हे चालून जातं. बे विंडोला चालत नाही, कारण तिथे पडदा कसा दिसेल यापेक्षा तो मुळात बसेल का, हाच खरा प्रश्न असतो.

आमचं घर मुलुंड पश्चिमेला, 2012 च्या आधीच्या इमारतीत. साल सांगण्याला कारण आहे. तोवर मुंबईत बे विंडो, फ्लॉवर बेड, कोनाडे ही जागा एफएसआयमध्ये, म्हणजे बांधकामाला मंजूर असलेल्या चटईक्षेत्रात, मोजली जात नसे. जानेवारी 2012 मध्ये पालिकेच्या हद्दीत नियम बदलला. ही जागा मोजायला सुरुवात झाली आणि बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून 35 टक्क्यांपर्यंत जादा, म्हणजे फंजिबल, एफएसआय मिळू लागला. त्याआधीच्या इमारतींत बे विंडो उदंड, आणि उजेड-वाऱ्याचा विचार करून काढलेल्या फार थोड्या. कॉलम आडवा आला की एक बाजू तिरकी, दुसरी सरळ. बंगल्याच्या चित्रातली ती तीन समान काचांची देखणी खिडकी आपल्या नशिबी क्वचितच येते.

आमच्या हॉलची खिडकी अशीच. समोरची काच 165 सेंटीमीटर. डावीकडची तिरकी बाजू 71. उजवीकडची बाजू भिंतीसारखी सरळ आत वळते आणि 50 वर संपते. खाली दीड फूट उंचीचा कट्टा, त्यावर ग्रॅनाइट. दुपारनंतर सगळं ऊन इथूनच आत येतं.

दुकानाच्या माणसाने काचेच्या कडेपासून कडेपर्यंत तिन्ही मापं घेतली, वहीत तीन आकडे लिहिले आणि तो निघाला. तीन रोलर ब्लाइंड बनून आले. लावायला घेतले तर डावीकडच्या कोपऱ्यात दोन ब्लाइंडांचे ब्रॅकेट एकमेकांत घुसले. उजवीकडचा ब्लाइंड अर्ध्यावर येऊन स्लायडिंगच्या हँडलवर अडकला. फिटरने तोडगा काढला तो असा, की नळी आणि कापड दोन्ही जागेवरच कापायचं. कापलं. कडेचे धागे सुटायला लागले, आणि कोपऱ्यात उभी फट राहिली ती वेगळीच. आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी कट्ट्यावर पेपर वाचत बसतात. ती उन्हाची पट्टी नेमकी त्यांच्या चष्म्यावर. ते जरा सरकले की थोड्या वेळाने तीही सरकायची. "अगं, ही माझ्या मागेच लागलीये," असं ते हसत म्हणायचे, पण पेपर घडी घालून आत जायचे. बिलाच्या तळाशी छापलं होतं, ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेतला जाणार नाही.

नंतर सोसायटीत काम करणारे देवगडकडचे सुतार मिस्त्री आले. त्यांनी टेप काढलाच नाही, आधी गुण्या काढला. तो उजव्या कोपऱ्यात टेकवला आणि म्हणाले, "वहिनी, बघा, खाली बसतोय आणि वर हलतोय. भिंतच सरळ नाय." खरोखरच गुण्या आणि प्लॅस्टर यांच्यामध्ये वरच्या बाजूला दोन सूत अंतर होतं.

कोन मोजायची त्यांची रीत कुणालाही घरी करता येईल. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना 30-30 सेंटीमीटरवर पेन्सिलीने खूण करायची आणि त्या दोन खुणांमधलं सरळ अंतर मोजायचं. ते 42.4 भरलं तर कोपरा काटकोनात आहे. 52 भरलं तर 120 अंश, 55.4 भरलं तर 135, आणि 58 च्या आसपास भरलं तर 150. आमचा डावा कोपरा सगळ्यांनी 135 चा धरला होता, अंतर भरलं साडेचोपन्न, म्हणजे कोन 130 च्या जवळ. उजवा काटकोन म्हणवणारा तीनेक अंशांनी उघडा निघाला. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तो कोपऱ्यात चपखल बसवला की दुकानात न्यायला नमुनाही तयार होतो. आकड्यांपेक्षा पुठ्ठ्यावर भांडणं कमी होतात.

आता ब्रॅकेट एकमेकांत का घुसतात ते बघा. ब्लाइंड काचेला चिकटून नसतो. गुंडाळी आणि ब्रॅकेट धरून तो सात-आठ सेंटीमीटर आत येतो, आणि कोपऱ्याजवळ आत येताना दोन्ही बाजूंची रुंदी कमी होत जाते. 135 अंशांच्या कोपऱ्यात जितका पुढे, त्याच्या साधारण चार दशांश इतकी रुंदी प्रत्येक बाजूने सोडावी लागते. म्हणजे आठ सेंटीमीटरला सव्वातीन. काटकोनात मात्र दोघांपैकी एकाला पुरे आठ सेंटीमीटर मागे सरावं लागतं. शिवाय रोलरचं कापड ब्रॅकेटपेक्षा दोन्हीकडून दीड-दोन सेंटीमीटर अरुंदच असतं, कारण कडेला यंत्र आणि पिन बसते. हे सगळं जमेला धरलं की कोपऱ्यात दोन्ही बाजूंची मिळून चार बोटांहून मोठी फट पडते, आणि हा कुणाच्या कामचुकारपणाचा भाग नसतो. कोपऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा सिमेंटचा रुंद खांब असेल तर फट त्याच्या आड जाते. काचेला काच भिडलेली असेल तर रोलर हा प्रकारच सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून माप काचेवर नाही, ब्लाइंड जिथे लटकणार त्या रेषेवर घ्यायचं. वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घेऊन चौकटीच्या आत बसवायचं असेल तर सगळ्यात लहान माप धरायचं. आणि बिलावर प्रत्येक आकड्यापुढे लिहून घ्यायचं: हे माप कापडाचं, की ब्रॅकेटपासून ब्रॅकेटपर्यंतचं. आमच्या कामात बराचसा घोळ या एका शब्दाच्या अभावी झाला. मापं घेणाऱ्याने एक धरलं, बनवणाऱ्याने दुसरं.

हँडलचा अडथळा सोपा आहे, पण आधी लक्षात यायला हवा. स्लायडिंगला मच्छरांची जाळी असली की तिसरा ट्रॅक येतो आणि हँडल आणखी आत येतं. अशा वेळी रोलर उलटा गुंडाळून घ्यायचा, म्हणजे कापड नळीच्या मागून न पडता पुढून पडतं आणि हँडलला चुकवून खाली येतं. किंमत तीच, फक्त ऑर्डर देताना सांगावं लागतं.

प्रकारांबद्दल थोडक्यात. रोमन ब्लाइंड दिसायला सुरेख, पण वर घेतला की त्याच्या घड्यांचा गठ्ठा वीत-दीड वीत काच झाकतो. बे विंडोचं छत बहुतेक घरांत आधीच बीमखाली दबलेलं असतं, तिथे हा परवडत नाही. उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड तिरक्या कोनात बरे बसतात, पण घरात ऑफिस आल्यासारखं वाटतं आणि पंखा लागला की पट्ट्या वाजत राहतात. लाकडी आडव्या पट्ट्या पश्चिमेच्या पावसात मी लावणार नाही. झेब्रा ब्लाइंडची सध्या चलती आहे, पण त्यातली फटीची अडचण रोलरसारखीच.

पडद्यांचं गणित वेगळं. सरळ दांडी बीमवर भिंतीपासून भिंतीपर्यंत लावली तर आमच्याकडे 215 सेंटीमीटर पुरतात. कोपऱ्यांतून वळत जायचं तर 286. पहिला पर्याय स्वस्त, शिवाय पडदा थेट जमिनीपर्यंत सोडता येतो. झोपायच्या खोलीला मी तोच सुचवेन, कारण बंद केला की खिडकीतली तापलेली हवा पलीकडेच अडून राहते. हॉलमध्ये मात्र पडदा ओढला की कट्टा पडद्यामागे जातो, तोही बाबांसकट.

आत वळवायचं ठरलं तर दांडी आणि रिंगांचे पडदे विसरा. रिंग कोपऱ्यातल्या ब्रॅकेटवर येऊन थांबते, पुढे जातच नाही, आणि मग डावीकडचा पडदा कायम डावीकडेच राहतो. वाकवता येणारा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक घ्यायचा, त्यात धावणारे रनर आणि हुकांवर अडकवलेला चुण्यांचा पडदा. ट्रॅक काटकोनात मोडत नाही, गोलाईने वळतो. त्यामुळे कोपऱ्यात तो भिंतीपासून थोडा सुटतो, तेवढी जागा पुठ्ठ्यावर आधीच आखून घ्यावी. वळणाच्या दोन्ही अंगांना आधार मागून घ्या, नाहीतर ओढताना तिथेच ट्रॅक खाली झुकतो.

पीओपीचं सीलिंग करणार असाल तर ट्रॅकच्या रेषेत आत प्लायवूडची पट्टी टाकायला सांगा. नुसत्या पीओपीत मारलेला स्क्रू एका ओढीत निघून हातात येतो. सीलिंग झाल्यावर हे सुचलं तर तोडफोड अटळ आहे.

ऊन अडवायच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवा. आतला कुठलाही पडदा काचेतून आत शिरलेल्या उन्हाशी झुंजतो. उष्णता तोवर घरात आलेलीच असते. बाहेर लावलेली बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा जास्त काम करतो, पण सोसायट्या बाहेरून काही लटकवू देत नाहीत. तेव्हा काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट ठेवायची, म्हणजे निदान काही भाग परत जातो. सनस्क्रीन कापडावर 3, 5, 10 टक्के असे आकडे असतात. ते विणीतली उघडी जागा सांगतात. आकडा लहान तितकं झाकणं जास्त. गडद रंगातून बाहेरचं स्पष्ट दिसतं, फिकट रंग ऊन जास्त परतवतो. पण रात्री आत दिवा लावला की समोरच्या विंगला सगळं दिसतं, हे दुकानदार सांगत नाही, कारण कापड तो दिवसाच दाखवतो. म्हणून सनस्क्रीनबरोबर पडदा लागतोच.

प्रत्येक काचेला ब्लाइंड हवाच असाही नियम नाही. आमच्या उजवीकडच्या 50 सेंटीमीटरच्या काचेतून शेजारच्या विंगचे पाइप दिसतात. तिथे नुसती धुरकट फिल्म लावली. उजेड येतो, पाइप दिसत नाहीत, आणि काटकोनातली टक्कर मुळातच संपली. समोर आणि तिरक्या बाजूला नव्या मापाचे सनस्क्रीन रोलर, आणि त्यांच्यापुढे वळणारा ट्रॅक.

घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडच्या साखळीकडे दुर्लक्ष करू नका. लोंबणारा फास मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. युरोपातली मानकं याबाबत 2014 पासून फार कडक झाली आहेत, आणि अमेरिकेतल्या मानकाने 2024 पासून बहुतेक दोरीवाले ब्लाइंड बाद केले आहेत. आपल्याकडे साखळीचं खालचं टोक भिंतीला घट्ट बांधायची क्लिप मागा आणि ती स्क्रूने बसवूनच घ्या. बे विंडोचा कट्टा तर मुलांसाठी पायरीच आहे. ग्रिल काढून मोकळं दृश्य घेण्याचा मोह मुलं मोठी होईपर्यंत टाळलेला बरा.

आता कापड. बहुतेक पडद्याचं कापड 48 इंच पन्ह्याचं येतं. चुण्या नीट पडायला ट्रॅकच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे एक पन्हा 55 ते 60 सेंटीमीटर झाकतो. आमच्या 286 ला पाच पन्हे लागले. दुकानाने चारच सांगितले होते, आणि ते लावले असते तर पडदा चादरीसारखा ताणून बसला असता. सुती घेणार असाल तर शिवायच्या आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो कट्ट्यापासून दोन बोटं वर जाईल. खाली चार-पाच इंच दुमड ठेवली की नंतर सोडता येते. पश्चिमेच्या उन्हात सिल्क वर्षभरात विरतं. ते वापरायचंच असेल तर मागे अस्तर हवं. मी कन्नूरच्या हातमागाचं जाड सुती कापड घेतलं, आणि पडद्याची लांबी कट्ट्यापासून बोटभर वर ठेवली, म्हणजे ग्रॅनाइट पुसताना तो ओला होत नाही.

पावसाळ्याचा हिशेब मुलुंडकरांना सांगायला नको. पश्चिमेचा आडवा पाऊस सुरू झाला की स्लायडिंगच्या फटीतून पाणी येतंच. ब्लॅकआउट कापडाचा मागचा थर दमट असताना गुंडाळला की चिकटतो आणि त्यावर काळे ठिपके पडतात, म्हणून पाऊस थांबल्यावर रोलर पूर्ण खाली सोडून पंख्याखाली वाळू द्यावा. पडदे मी जूनमध्येच हुकांवरून काढून, धुऊन ठेवून देते आणि घटस्थापनेच्या आधीच्या साफसफाईत परत चढवते. मधले महिने ब्लाइंडांवर भागतं, आणि त्या दिवसांत उन्हाची तक्रार तशीही कुणी करत नाही.