पुराच्या पाण्यातील अरण्य

पूर म्हटला की वाहून गेलेली पिके, खचलेली घरे आणि गाळाने भरलेले रस्ते आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु दक्षिण अमेरिकेत असेही एक अरण्य आहे, की जेथील जीवसृष्टी दरवर्षी पुराची वाट पाहते.

ॲमेझॉन नदीला पावसाळ्यात अँडीज पर्वताकडून व वरच्या खोऱ्यातून अमाप पाणी येते. ते काठ ओलांडून अरण्यात शिरते व कित्येक महिने तेथेच राहते. गाळाच्या पाण्याने बुडणाऱ्या अशा अरण्यास ‘वार्झेआ’ म्हणतात. ब्राझीलमधील मामिराउआ हे संरक्षित क्षेत्र याच प्रकारचे आहे. तेथे पाण्याची पातळी दरवर्षी सुमारे १० ते १२ मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीइतकी चढते. जूनच्या सुमारास पाणी सर्वांत वर असते. ऑक्टोबरच्या सुमारास ते सर्वांत खाली जाते.

येथील अनेक वृक्षांची फळे नेमकी पूर असतानाच पिकतात आणि पाण्यात पडतात. तांबाकी नावाचा मासा तेव्हा नदी सोडून झाडांमध्ये येतो. त्याचे दात इतके बळकट असतात, की रबराच्या झाडाची कठीण बीही तो फोडतो. पुराच्या दिवसांत साठविलेल्या चरबीवर तो पुढचे दुष्काळी महिने काढतो. ज्या बिया न फुटता त्याच्या पोटातून बाहेर पडतात, त्या काही वेळा ५ किलोमीटरहूनही दूर जाऊन रुजतात. म्हणजे मासा झाडावर पोसला जातो आणि झाड माशामुळे पसरते.

बुडालेल्या अरण्यात पाने कुजल्याने पाण्यातील प्राणवायू कमी होतो. तीन मीटरपर्यंत वाढू शकणारा पिरारुकू मासा यासाठी थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेतच श्वास घेतो. गुलाबी डॉल्फिनच्या मानेचे मणके एकमेकांस जुळलेले नसतात. त्यामुळे मान वळवून तो बुडालेल्या खोडांमधून सहज वाट काढतो. जमिनीवरचा जग्वारही अरण्य सोडून जात नाही. पुराचे तीन-चार महिने तो झाडांवर राहतो, एका झाडाकडून दुसऱ्याकडे पोहत जातो आणि स्लॉथ, माकडे व मगरीच्या कुळातील केमन यांची शिकार करतो. लाल चेहऱ्याचे उआकारी माकड पुरात शेंड्यांवरच वावरते आणि पाणी ओसरल्यावर खाली उतरून गळलेल्या बिया वेचते.

या सर्वांचे सामर्थ्य पुराच्या नियमितपणावर उभे आहे. पाण्याचा क्रम बिघडला, तर तेच प्राणी हतबल होतात. २०२३ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यात भीषण अवर्षण पडले. मामिराउआजवळील तेफे सरोवर आटले, त्याच्या पाण्याचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि दोन जातींचे मिळून २०० हून अधिक डॉल्फिन मृत्युमुखी पडले. ज्या प्राण्याचे शरीर महापुरास अनुकूल घडले होते, त्याला उथळ, तापलेल्या पाण्यातून सुटता आले नाही.

या अरण्याच्या रक्षणाचा एक मार्ग तेथील कोळ्यांनीच दाखविला आहे. अति मासेमारीमुळे पिरारुकू दुर्मीळ झाला होता. १९९९ पासून मामिराउआतील वस्त्यांनी त्याच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. श्वास घेण्यास मासा वर येतो तेव्हाचा आवाज व पाण्यावरील खळबळ ओळखून हे कोळी सरोवरातील मासे मोजतात. त्या गणनेवरून पकडण्याची मर्यादा ठरते. ती मोजलेल्या प्रौढ माशांच्या ३० टक्क्यांपलीकडे जात नाही. जाळ्यात सापडणारे लहान मासे परत सोडले जातात. परिणामी पिरारुकूंची संख्या अनेक पटींनी वाढली आणि कोळ्यांच्या संसारालाही आधार मिळाला.

शास्त्रज्ञांनी या मोजणीची पडताळणी केली, तेव्हा ती विश्वासार्ह ठरली. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याकडे लक्ष देऊन मिळविलेले हे ज्ञान होते. आपल्या गावच्या ओढ्याला पाणी कधी येते, त्याबरोबर कोणते मासे व पक्षी येतात आणि आता कोणते येईनासे झाले, हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. मुलांनी ते त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरवून ठेवले, तर निसर्गाच्या अभ्यासाची तीच उत्तम सुरुवात होईल.