चित्र कुठे बिघडतंय ते आधी शोध

अलिबाग

चि. बाय,


तुझा फोटो पाहिला. खिडक्यांच्या कडांना हिरवे-जांभळे चौकोन, मेनूतली निम्मी अक्षरं गायब. आणि खाली तू लिहिलंयस, ‘मामा, सगळं पुसून लिनक्स नव्याने टाकते.’ तेवढं मात्र करू नकोस. पुसलंस की बिघाडाचा माग पुसला जाईल, आणि दोष ग्राफिक्स कार्डात असला तर नव्या लिनक्सवरही हेच चौकोन येऊन बसतील.

तू पाठवलायस तो मोबाइलने काढलेला फोटो. मला स्क्रीनशॉट हवाय. प्रिंट स्क्रीनचं बटण दाब, ती फाइल मोबाइलवर घे आणि तिथे उघडून बघ. चौकोन त्यातही असले तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे ड्रायव्हर, एखादा प्रोग्राम किंवा कार्डाची मेमरी. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर संशय बहुधा पुढच्या वाटेवर: कार्डाचं सॉकेट, वायर, मॉनिटर. बहुधा अशासाठी म्हणतो की माउसचा बाण आणि कधी कधी व्हिडिओही कार्ड अगदी शेवटी वरून चढवतं, ते स्क्रीनशॉटमध्ये येईलच असं नाही. तरीही अर्ध्या मिनिटात इतकं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

मग मशीन बंद करून चालू कर आणि बायोसच्या पानावर थांब. तिथे लिनक्सचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. चौकोन तिथेही दिसले तर लिनक्सला बोल लावण्यात अर्थ नाही.

तुझ्या बाबतीत संशयित दोन आहेत आणि दोघेही तगडे. एक म्हणजे लिनक्सचं परवाचं अपडेट. दुसरा म्हणजे ते कार्ड ज्या पेटीत होतं ती पेटी. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनवरून गेलं, आपल्या माळ्यावरची कौलं उडाली, तेव्हा ती भिजली होती. मला आधी अपडेटकडे बघावंसं वाटतं, कारण बिघाड त्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसला.

कार्ड एनव्हिडियाचं जीटी 710 आहे. त्या पिढीसाठी कंपनीच्या ड्रायव्हरची 470 ही मालिका शेवटची. त्यापुढचे ड्रायव्हर हे कार्ड ओळखतच नाहीत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा आला आणि जुना ड्रायव्हर त्याच्यासोबत बांधला गेला नाही, तर लिनक्स मुकाट्याने नूवो या मुक्त ड्रायव्हरवर जाऊ शकतं. नूवोबद्दल मला फार आदर आहे. कंपनीने कागदपत्रं दिली नसताना लोकांनी कार्डांचं वागणं बाहेरून निरखून तो लिहिला आणि 2010 मध्ये तो 2.6.33 या कर्नलमध्ये आला. पण प्रत्येक कार्डावर तो सारखा चालत नाही. (कंपनीने 2022 च्या मे महिन्यात कर्नलमधला आपला भाग खुला केला खरा, पण तो ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी. तुझ्या कार्डाला त्याचा उपयोग नाही.) सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे ते एका ओळीच्या आदेशाने कळतं. तो मेसेजने पाठवतो, कागदावरून उतरवताना एक अक्षर चुकलं तरी चालत नाही.

उत्तर काहीही येवो, लगेच ड्रायव्हर बदलू नकोस. सुरुवातीच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये परवापर्यंत चालणारा जुना कर्नल असेल, त्यातून मशीन सुरू कर. यादी दिसली नाही तर चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाब. जुन्या कर्नलवर चित्र स्वच्छ आलं तर कार्ड बरंचसं सुटलं. त्यावरच काम कर, तुझी परीक्षा होऊ दे, ड्रायव्हरचं नंतर बघू.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जुनी हाताशी ठेवायची, हे मी तुला एवढं का सांगतो? इथल्या चुंबकीय वेधशाळेवरून रोज जातो म्हणून असेल. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी 1841 पासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या नोंदी बिघडणार हे उघड झालं. सुई हलली ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, हे मग कोण सांगणार? डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळा अलिबागला आली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. पण 1904 मध्ये इथे काम सुरू झालं म्हणून त्यांनी कुलाबा लगेच बंद नाही केलं. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जागा बदलल्याने किती फरक पडतो ते मोजता आलं आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, बाय. तू कर्नल, ड्रायव्हर आणि वायर एकाच संध्याकाळी बदललीस आणि चित्र सुधारलं, तर कशाने सुधारलं ते तुला कधीच कळणार नाही.

जुन्या कर्नलवरही चौकोन राहिले तरच कार्डाला हात लाव. मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला, मग चालू करायचं बटण काही क्षण दाबून ठेव म्हणजे आत उरलेली वीज जाईल. स्क्रू काढ, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाब आणि कार्ड सरळ वर उचल, हलवून हलवून नको. खालच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धर. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत, जिथे मुलामा झिजलाय तिथे हिरवट डाग धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसून घे आणि पूर्ण सुकू दे. पंख्यातली धूळही काढ. थोडा वेळ काम केल्यावरच चौकोन येत असतील तर उष्णताही कारण असू शकते. सगळं करूनही बायोसच्या पानावर चौकोन राहिले तर कार्डाची मेमरी गेली असं समज. मग त्यावर पैसे घालू नकोस. तुझ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे, मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या सॉकेटला लाव, तुझ्या प्रोजेक्टला तेवढं पुरतं.

कुठलं पाऊल टाकलंस, काय दिसलं, हे वहीत तारीख घालून लिही. आधी स्क्रीनशॉट पाठव, मग ड्रायव्हरचं उत्तर. मी रात्री नऊनंतर मोकळा असतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा