स्थळ जुळवण्याचा खर्च आणि विहारातील वही

उपासक-उपासिकांनो, आईबापांची मुलांविषयीची पाच कर्तव्ये भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, हुन्नर शिकवावा, अनुरूप जोडीदार पाहून द्यावा आणि वेळेवर वारसा हाती द्यावा. यातले चौथे कर्तव्य आज गरिबाला फार महाग पडते.

इचलकरंजीत यंत्रमागावर राबणारा बाप मुलीसाठी स्थळे पाहू लागला की सूचक मंडळाची नोंदणी, मेळाव्याची फी, फोटो, एसटीचे भाडे असा खर्च सुरू होतो. बुडालेला रोज वेगळाच. आता मोबाइलवर स्थळे दिसतात खरी, पण पुष्कळ ठिकाणी समोरच्याचा नंबर हवा तर पुन्हा पैसे मोजावे लागतात. मध्यस्थ तर दोन्हीकडून घेतो.

पण या खर्चाला आपलाही हातभार आहे. दीक्षा घेतली तरी पोटजात विचारली जाते. काही घरांत पत्रिकाही गुपचूप दाखवली जाते! हाताशी असलेले चांगले स्थळ त्यापायी जाते आणि लांबच्या स्थळासाठी पुन्हा भाडे खर्च होते.

मग पाहायचे काय? नकुलपिता आणि नकुलमाता हे भग्ग देशातले वृद्ध दांपत्य. पुढेही एकमेकांची सोबत मिळावी, अशी इच्छा त्यांनी भगवंतांजवळ बोलून दाखवली. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार गोष्टींत दोघे समान असावेत, एवढेच भगवंतांनी सांगितले. त्यात ना जात, ना हुंडा. हुंडा तर 1961 च्या कायद्याने गुन्हाच आहे.

कोल्हापूरकरांना हे नवे वाटू नये. शाहू महाराजांनी 1919 साली याच संस्थानात आंतरजातीय विवाहाचा कायदा केला. बाबासाहेबांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तोही जातीबाहेरचा.

तेव्हा प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. नाव, वय, शिक्षण, कामधंदा, गाव आणि अपेक्षा एवढेच लिहावे. पोटजातीचा रकाना आखूच नये. मुलाने व मुलीने स्वतः सही करावी, बापाची सही पुरेशी धरू नये. वही एका जाणत्या उपासिकेकडे असावी. मुलीचा फोटो व नंबर तिच्या होकाराशिवाय कुणाला देऊ नये, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. पौर्णिमेच्या वंदनेला कागल, शिरोळ, गडहिंग्लजच्या विहारांनी एकमेकांची नावे उतरवून घ्यावीत. याला लागते ती वहीची किंमत. वर कुणी मागितले तर देऊ नये.

बाहेरच्या मंडळाकडे जायचेच झाले तर आधी त्याचे नोंदणीपत्र पाहावे आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. महाराष्ट्रात विवाह मंडळांचे नियमन आणि विवाहांची नोंदणी यांसाठी 1998 चा कायदा आहे. ‘मुलगी आणून देतो, आधी रक्कम द्या’ म्हणणाऱ्याला दारात उभे करू नये.

लग्न जमल्यावर वयाचे दाखले तपासावेत : मुलगी 18, मुलगा 21 पूर्ण. धम्मविधी झाल्यावर गावात ग्रामपंचायतीत नोंद करावी. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे धरूनच तारीख ठरवावी. सामूहिक विवाहात लग्न करणाऱ्या नवबौद्ध जोडप्यांसाठी समाजकल्याण खात्याची ‘कन्यादान’ योजना आहे. कन्या ही दान देण्याची वस्तू नव्हे, तेव्हा नाव आपल्याला पटणारे नाही. पण मदत हक्काची आहे. अर्जाची चौकशी कोल्हापूरच्या समाजकल्याण कार्यालयात तारीख ठरवण्यापूर्वीच करावी.