गोळी आतून, ऊन बाहेरून

मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांना तो बहुधा उन्हाने भाजलेल्या अंगावर होतो. आपल्याकडे पुष्कळदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली सापडतो. गायक बॉब मार्ले १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्यात सुरू झालेल्या मेलॅनोमानेच. आमच्या दादाच्या टाचेवर काळा डाग होता. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला अनवाणी येणाऱ्या माणसाची टाच अकोल्याच्या जुन्या शहरात कोण निरखून बघतो? तो डाग मेलॅनोमाच निघाला. तपासणीत बीआरएएफ या जनुकात बिघाड सापडला आणि डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी कातडीचं काय होतं आणि घरच्यांनी काय करावं, एवढंच इथे लिहितो.

१. पहिली गोळी घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला सगळं अंग दाखवा. डोक्याची कातडी, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, सगळीकडे. वहिनीने जुने तीळ आणि मस शेजारी पट्टी धरून मोबाइलवर टिपून ठेवले. नवीन काय उगवलं याचा वाद त्यामुळे पुढे घरात झाला नाही.

२. पुरळ मुरमांसारखं दिसतं, पण ते मुरूम नव्हेत. ट्रॅमेटिनिब पेशींतला जो निरोप अडवतं तो धडधाकट कातडीलाही लागतो, म्हणून चेहरा, छाती, पाठ भरून येते. मुरमांचं मलम आणि फेसवॉश कातडी आणखी सुकवतात. गल्लीतून कडुलिंबाचा पाला आला, मुलतानी माती आली, लिंबाचा रस लावायचा सल्लाही आला. माणसं प्रेमाने देतात, नाही म्हणणं जड जातं. तरी म्हणावं. लिंबाचा रस अंगावर आणि वरून ऊन म्हणजे चांगल्या कातडीलाही चट्टे पडतात. दादाला उतार पडला तो सौम्य साबण, कोमट पाणी, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलम व डॉक्सिसायक्लिन यांनी. डॉक्सिसायक्लिननेही ऊन जास्त बाधतं, तेव्हा ते सुरू असताना झाकून घेण्यात दुप्पट काटेकोर राहावं.

३. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ ओलांडतो, म्हणून आम्हाला वाटतं की ऊन म्हणजे गरमी. कूलरसमोर बसलं की झालं. पण कातडी जाळतात ते अतिनील किरण, आणि त्यांना गरमीशी देणंघेणं नाही. ढगाळ भाद्रपदातही ते असतात. त्यातला यूव्हीए हा प्रकार खिडकीच्या काचेतून आत येतो. या औषधांच्या कुळात वेमुराफेनिब उन्हाच्या बाबतीत सगळ्यांत वाईट. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत ते घेणारे एक गृहस्थ भेटले. (बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. मुंबईत कॅन्सरच्या पेशंटला आजही त्यांच्याच नावाचं छप्पर मिळतं.) दिवसाच्या गाडीत एसी डब्यात बसून आले होते, तरी खिडकीकडचा हात फोडांनी भरलेला. दादाच्या गोळ्यांनी तितकं होत नाही, पण सावधगिरी तीच.

डोक्याला गुंडाळतो तो पांढरा, विरविरीत दुपट्टा दिसायला थंड, पण किरण बऱ्यापैकी आत सोडतो. दाट विणीचं, गडद रंगाचं, पूर्ण बाहीचं कापड हवं. आमच्याकडच्या पोरी स्कूटीवर सनकोट घालतात ना, तोच. दादाने नाक मुरडलं, मग घातला. सनस्क्रीनवर एसपीएफ ३० किंवा जास्त बघाच, पण पीए लिहिलेलं आहे का तेही बघा, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी या दुसऱ्या प्रकाराचा असतो, पीए यूव्हीएचं सांगतं. दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेली क्रीम तोंडाला आणि मानेला लागते. बाहेर असलात तर दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि टक्कल पुरुष हमखास विसरतात.

४. टाच, चवडा, जिथे भार पडतो तिथे कातडी जाड, पिवळट होते आणि चालताना ठणकते. ब्लेडने तासू नका. दगडाने खसाखसा घासू नका. युरियाचं मलम रात्री लावून वर सुती मोजे, आणि मऊ तळाची चप्पल, घरातसुद्धा. अनवाणी चालणं सोडायला दादा तयार नव्हता. "महादेवाले चालते तुमची चप्पल, तुमालेच काऊन चालत नाही?" वहिनीच्या या वाक्याने जे झालं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने झालं नव्हतं.

५. नवी चामखीळ, खरखरीत गाठ, भरून न येणारी जखम आठवड्याच्या आत दाखवा. बीआरएएफ रोखणारी गोळी, म्हणजे डॅब्राफेनिब, बिघाड नसलेल्या काही पेशींना उलट चेतवते, त्यातून कातडीचा दुसरा, बराच सौम्य कॅन्सर उगवू शकतो. जोडीच्या ट्रॅमेटिनिबने तो धोका कमी होतो, संपत नाही. जागा बधिर करून गाठ काढतात, गोळ्या सहसा चालूच राहतात.

६. पायात लालसर, दुखऱ्या गाठी आल्या की कॅन्सर पसरला म्हणून घर हादरतं. बऱ्याचदा ती कातडीखालच्या चरबीची सूज असते. पण हे डॉक्टरांनी सांगायचं, आपण नाही. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

७. हे कातडीचं नाही, तरी सांगतो. ट्रॅमेटिनिब २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. मे महिन्यात लाइट गेली की आधी त्याची सोय बघा.

८. सोसत बसणारा माणूस एक दिवस कंटाळून गुपचूप गोळी बंद करतो. त्यापेक्षा खाज सुटल्याचा फोन डॉक्टरांना रोज गेला तरी चालेल. मात्रा कमी करणं, काही दिवस थांबवणं हे त्यांच्या हातात असतं.

९. गोळ्या चालू असताना दर दोन महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञ. आणि गोळ्या बंद झाल्यावरही पुढचे सहा महिने ही तपासणी चुकवू नका.