घाट, टोमॅटो आणि ब्रेक ऑईल

"कमी झालं तर टाकायचं, बदलायचं कशाला?" आमच्या जुन्या पिकअपच्या ब्रेक ऑईलबद्दल बाबांचं हे ठाम मत. मागच्या मे महिन्यात टोमॅटोचे क्रेट भरून घाट उतरताना पेडल एकदम खाली गेलं. बाबांनी गिअर उतरवत, हॅन्डब्रेक ओढत गाडी कशीबशी थांबवली.

मित्रांनो, कारण आपल्याच अभ्यासक्रमातलं आहे. ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. उतारावर ब्रेक तापतात, ऑईल उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचणार कसा?

सुट्टीत आम्ही दोघांनी ऑईल बदललं. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून. बाबांनी पेडल दाबून धरायचं, मी निपल सैल करून नळीतून ऑईल बाटलीत घ्यायचं. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. वरची टाकी मात्र रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. चारही चाकं झाली, पेडल कडक लागलं.

बाटलीतलं काळं ऑईल बघत बाबा म्हणाले, "दर दोन वर्षांनी आठवण कर रे."