दहा पॉइंट दोन

माझा भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जेवताना त्यानं विचारलं, "मामा, खरं सांग, या डिग्रीचा काही उपयोग होतो का?" ताईनं त्याच्याकडे डोळे वटारले, माझ्याकडेही. तेव्हा मी वरणभात कालवत राहिलो. आता लिहितो. मी २०१० चा बी.एस्सी. केमिस्ट्री, सध्या वाळूजच्या एका औषध कंपनीत क्यूसी लॅबमध्ये आहे. हा मजकूर तो पूर्ण वाचेल अशी आशा नाही, म्हणून आकडे टाकलेत. मधलंच एखादं वाचलं तरी चालेल.

१. जर्नल भरलं म्हणजे प्रॅक्टिकल झालं असं नाही.

कॉलेजचं नाव घेत नाही. एका टेबलावर आम्ही आठ जण आणि ब्युरेट एक. तिला हात लागायचा पुढच्या दोघांचा. बाकीचे मागून "किती आलं रे?" विचारणार. उत्तर ठरलेलं: दहा पॉइंट दोन. तीन वेळा टायट्रेशन करायचं आणि रीडिंग जुळायला हवं, म्हणून तिन्ही रकान्यांत १०.२, १०.२, १०.२. पुढचं सगळं सीनियरच्या जर्नलवरून. त्या सीनियरनं एके ठिकाणी रंगबदल उलटा लिहिला होता. ॲसिडमध्ये फिनॉल्फ्थेलीन टाकून वरून अल्कली सोडली की रंगहीन द्रावण गुलाबी होतं, त्याच्याकडे गुलाबीचं रंगहीन झालं होतं. आमच्या अख्ख्या बॅचनं ते तसंच उतरवलं. सगळ्यांची जर्नलं सर्टिफाय झाली, एक्स्टर्नलनंही सही केली. मला त्यात अठरा मार्क पडले, वीसपैकी!

२. शिकवणारा माणूस परमनंट असेलच असं नाही.

परमनंट सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे आणि बेल झाली की नॅकच्या फायलींत शिरायचे. आम्हाला जे काही आलं ते तासिका तत्त्वावरच्या एका सरांमुळे. सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, मध्ये स्प्लेंडरवर. बॅक टायट्रेशन कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली. "वाण्याला ही दिली, सत्तावीस रुपये परत आले. सामान कितीचं? बस, एवढंच आहे. आधी जादा ॲसिड ओतायचं, उरलेलं मोजायचं." आजही लॅबमध्ये नवीन पोरांना मी तो वाणीच सांगतो.

सर सेट पास होते. पहिल्या सत्राचं मानधन दुसरं सत्र संपत आलं तरी हातात नसायचं. एकदा तास मध्येच थांबवून त्यांनी फोन घेतला, घरभाड्याचा होता. आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो. पुढच्या जूनला ते आलेच नाहीत. "कॉलेजात शिकवत नाहीत" ही माझीही तक्रार होती आणि आहे. पण ती करताना मला ती नोट आठवते.

३. तरी डिग्रीला सरसकट शिव्या घालू नकोस.

माझे आजोबा सातवीवर थांबले. त्यांच्या काळी आपला मुलूख निजामाचा, विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया आणि तिथली शिकवण्याची भाषा उर्दू. १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथं मिलिंद महाविद्यालय काढलं आणि १९५८ मध्ये मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून लोकांनी सोळा वर्षं लढा दिला, तेव्हा कुठे १९९४ साली नामविस्तार झाला. माझं सर्टिफिकेट आजोबांनी उताणं, पालथं करून बघितलं, मग विचारलं, "लॅमिनेशन कधी करायचं?"

४. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याच्या ऑफिसात पंखासुद्धा भाड्याचा असतो.

दोन हजार गेले. जास्त लिहीत नाही, तुझ्या आजीला अजून माहीत नाही.

५. बायोडाटा गेटवर देऊन नोकरी मिळत नाही, पण गेटवर गेल्याशिवायही मिळत नाही.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, तिन्ही एमआयडीसी पालथ्या घातल्या. वॉचमन बायोडाटा घ्यायचा आणि ड्रॉवरमध्ये टाकायचा. एकदा त्याच ड्रॉवरमधल्या एका बायोडाटावर तो भजी खाताना दिसला. माझा नव्हता, नीट बघितलं. शेवटी नोकरी लागली ती गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. तिथं ओळख झालेल्या एकानं सांगितलं, "आमच्या लॅबमधला एक जण सोडतोय, सोमवारी ये." कंत्राटदाराच्या रोलवर, महिना साडेपाच हजार. बजाजनगरला एका खोलीत चौघं, कॉट दोन. शिफ्टप्रमाणे झोपायचो.

६. रीडिंग बनवायची सवय अंगातून लवकर जात नाही.

पहिल्याच आठवड्यात टायट्रेशन दिलं. दोन केली. दोन्ही जवळपास सारखी आली, मग तिसरं न करताच मधला आकडा लिहून टाकला. कॉलेजात तीन वर्षं हेच केलेलं, त्यात काही गैर आहे हे मनातही आलं नाही. सेक्शन हेडनं कागद बघितला. मग बॅलन्सच्या प्रिंटरमधून निघालेल्या चिठ्ठ्या मागितल्या. प्रत्येक वजनाची चिठ्ठी निघते, तिच्यावर तारीख आणि वेळ असते. माझ्याकडे चिठ्ठ्या दोन आणि रीडिंग तीन.

"तिसरं सॅम्पल तोललं कुठं?"

मी खोडरबर शोधायला लागलो! लॅबमध्ये खोडरबर नसतो, व्हाइटनर तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला कारण, सही, तारीख. त्यांनी मला तशी रेघ मारायला लावली आणि कारण माझ्याच हातानं लिहायला लावलं: 'टायट्रेशन केले नाही.' माझा हात कापत होता. नोकरी गेली असं समजून डबा भरायला घेतला, तर म्हणाले, "जातो कुठं? तिसरं कर." गोळी गिळणाऱ्या पेशंटबद्दल वगैरे काही बोलले नाहीत. ते माझं मीच रात्रभर बोलत होतो.

७. आता इंटरव्ह्यू मी घेतो.

इंग्रजीत 'स्वतःबद्दल सांगा' वगैरे विचारत नाही, पाठ केलेलं ऐकून कान किटलेत. भरलेली ब्युरेट पुढं ठेवतो आणि म्हणतो, रीडिंग सांगा. गेल्या महिन्यात दहा जण आले होते. कुणी उभ्यानंच बघितलं, कुणी वाकून डोळा पातळीला आणला. नऊ जणांनी आकडे सांगितले, मी लिहून घेतले. दहावी मुलगी वैजापूरकडची. ती वाकली, बराच वेळ वाकलेलीच राहिली. मला वाटलं, हिला येत नाही.

"सर, खाली तोटीत बुडबुडा अडकलाय. आधी तो काढू का?"

तो बुडबुडा मी मुद्दाम ठेवलेला नव्हता. सकाळी ब्युरेट मीच भरली होती.